पॉलिसी गळ्यात मारली, तक्रारही केली. आता पत्रव्यवहाराची फाइल कशी ठेवायची?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले, फंडाचे पैसे बँकेत आले आणि शाखेतल्या माणसाने 'पाच वर्षांची एफडी, वर बोनस' म्हणून दोन लाखांचा चेक घेतला. वर्षभराने दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा कळलं, की ती दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी आहे. तुम्ही तीनदा शाखेत जाऊन आलात, कंपनीशी सहा-सात वेळा फोनवर बोललात, एक ईमेल केला. त्याला 'ग्राहकाची सही आहे, फ्री लूकची मुदत संपली आहे' असं दोन ओळींचं उत्तर आलं. (फ्री लूक म्हणजे पॉलिसी हातात आल्यावर नको असेल तर ती परत करायची मुदत.) आता काय काय जपायचं आणि कसं, हे तुम्ही विचारलंय.

मी नाशिकमध्ये वीस-बावीस वर्षं अशा तक्रारींचे कागद लावून देतोय. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले, एसटीचे, निफाड-दिंडोरीचे द्राक्षबागायतदार, सगळ्यांची गोष्ट तुमच्यासारखीच असते. हातात एकरकमी पैसा येतो आणि त्याच आठवड्यात शाखेतून फोन येतो. यात ज्यांचे पैसे परत मिळाले आणि ज्यांचे नाही, त्यांच्यातला फरक बहुतेक वेळा फसवणूक किती मोठी होती यात नव्हता, फाइलमध्ये होता.

कारण सरळ आहे. तुमच्या वडिलांना झालेली विक्री तोंडी आहे. 'एफडी' हा शब्द तोंडी, 'बोनस' तोंडी, 'एकदाच भरायचे' हेही तोंडी. कागदावर जे आहे ते सगळं कंपनीचं: प्रस्ताव अर्ज, फायद्याचं कोष्टक, त्यावर वडिलांच्या सह्या. ग्राहक आयोग तक्रारीचा निकाल प्रतिज्ञापत्रं आणि कागदोपत्री पुरावा बघून देतो, कायद्यातच तसं आहे. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांसमोरही तेच. त्या दिवशी शाखेत काय बोलणं झालं ते तिथे कोणाला ऐकू येत नाही. विक्री तोंडी झाली ती झाली. तक्रार मात्र तोंडी होऊ देऊ नका. तुमचे ते सहा-सात फोन आणि शाखेच्या तीन फेऱ्या आजच्या घडीला कुठेच नोंदलेल्या नाहीत. पण त्या अजून कागदावर आणता येतात, आणि पहिलं काम तेच आहे.

एक दोनशे पानी वही घ्या. सुटे कागद नकोत, डायरीही नको, साधी शिवलेली वही. पहिल्या पानापासून पानांना क्रमांक घाला. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, कोणत्या नंबरवरून किंवा कोणत्या शाखेत, समोरच्याचं नाव आणि हुद्दा, काय बोलणं झालं, आणि त्या बोलण्याचा कागद फाइलमध्ये कुठे आहे, एवढं हवं. झालेल्या फोनच्या तारखा मोबाइलच्या कॉल यादीत मिळतील. ती यादी फार मागचं ठेवत नाही, म्हणून आजच स्क्रीनशॉट घ्या. शाखेत गेल्याच्या तारखा आठवत नसतील तर त्या दिवशी पासबुक भरून घेतलंत का, रिक्षाचे पैसे यूपीआयने दिलेत का, भावाला 'बँकेत आहे' असा मेसेज टाकलात का, ते पाहा. मिळालेल्या तारखांवरून नोंदी करा, पण वरती स्पष्ट लिहा: 'मागील भेटी व फोन आज दि. अमुक रोजी मोबाइलवरून व आठवून लिहिले.' मागची तारीख टाकून, जणू त्याच दिवशी लिहिलंय असं दाखवायचं नाही. एका प्रकरणात मुलाने चांगल्या हेतूने तसं केलं होतं. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारख्या दिसत होत्या. समोरच्या वकिलाने तेवढंच दाखवलं आणि त्या वहीतल्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास गेला.

वही झाली तरी ती तुमचीच वही. समोरच्यावर ती बंधनकारक नाही. म्हणून यापुढे प्रत्येक फोननंतर त्याच दिवशी एक छोटा ईमेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जायला हवा. मी लोकांना साधारण असा मजकूर लिहून देतो:

'आज दि. … रोजी सकाळी ११.४० वाजता आपल्या … या क्रमांकावरून मला फोन आला. बोलणाऱ्यांनी आपलं नाव … असं सांगितलं. दुसरा हप्ता भरल्यास पॉलिसी तीन वर्षांनी बंद करून पूर्ण रक्कम परत मिळेल, असं ते म्हणाले. हे लेखी द्या असं मी म्हटल्यावर तशी पद्धत नसल्याचं त्यांनी सांगितलं. माझ्या समजण्यात चूक असल्यास सात दिवसांत लेखी कळवावं. पॉलिसी क्र. …, तक्रार क्र. …'

बस, एवढंच. राग नाही, विशेषणं नाहीत. याला उत्तर आलं तर त्यांची बाजू लेखी झाली. उत्तर आलं नाही तर तुमचं म्हणणं वेळच्या वेळी कळवलं होतं आणि कोणी खोडलं नाही, हे फाइलमध्ये दिसतं. दोन्हीकडून तुमचाच फायदा. 'लुटारू', 'कोर्टात खेचीन' असे शब्द मनात आले तरी लिहू नका. सहा महिन्यांनी तेच पत्र तिसरा माणूस वाचणार आहे, आणि त्याला तुमचा राग नको असतो, घटना हव्या असतात.

आता पॉलिसीचं पाकीट शोधा. पॉलिसी सगळे जपतात, ती ज्या लखोट्यातून आली तो मात्र रद्दीत जातो. तुम्हाला उत्तर आलंय की फ्री लूकची मुदत संपली. १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत ३० दिवसांची आहे, आणि ती पॉलिसी तुमच्या हातात पडल्यापासून मोजायची असते, छापलेल्या तारखेपासून नाही. मग ती हातात केव्हा पडली? लखोट्यावर टपालाचा किंवा कुरिअरचा क्रमांक असतो, तारीख असते. निफाडकडच्या एका बागायतदाराच्या प्रकरणात कंपनी म्हणत होती की पॉलिसी फेब्रुवारीत पोचली. त्यांच्या घरी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर होतं. बाई त्यावर दुधाचे खाडे लिहायच्या, गॅस कधी लावला ते लिहायच्या. मार्चच्या पानावर १९ तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दूध नाही. बँकेचं पाकीट आलं.' धान्याच्या कोठीमागे लखोटाही सापडला आणि त्यावरची तारीख त्याच्याशी जुळली. तक्रार २ एप्रिलला केलेली होती. त्या दोन कागदांवर पुढची सगळी चर्चा बदलली. तुमच्याकडे कॅलेंडरची जुनी पानं असतील तर फाडू नका, आख्खं कॅलेंडर उतरवून ठेवा.

तशीच गत विक्रेत्याच्या हातच्या आकडेमोडीची. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे, पैसे भरायच्या स्लिपवर, वहीच्या कोपऱ्यात तो लिहून दाखवतो: '२ लाख, ५ वर्षं, इतके मिळतील.' वडिलांना विचारा, असं काही लिहून दिलं होतं का. सापडलं तर त्यावर स्वतः काही लिहू नका, अधोरेखित करू नका, भोक पाडू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. पारदर्शक पिशवीत ठेवा आणि दोन्ही बाजूंचा रंगीत फोटो घ्या. अख्ख्या प्रकरणात विक्रेत्याने आपल्या हाताने लिहिलेला कदाचित तेवढाच कागद असेल.

मग पॉलिसीसोबत जोडलेली प्रस्ताव अर्जाची प्रत काढा आणि शांतपणे वाचा. अर्जात लिहिलेला मोबाइल नंबर आणि ईमेल वडिलांचाच आहे का, हे आधी बघा. अनेकदा तो विक्रेत्याचा किंवा भलत्याच कोणाचा असतो. तसं असेल तर 'आम्ही ग्राहकाला कळवलं होतं', 'ई-पॉलिसी मेलवर पाठवली होती', 'खातरजमा करणारा फोन केला होता' हे सगळं दुसऱ्याच माणसाकडे गेलंय. पुढे वार्षिक उत्पन्न आणि व्यवसाय बघा. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला 'व्यापार, उत्पन्न १२ लाख' लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. अर्ज कोणाच्या अक्षरात भरलाय, सही मराठीत आणि मजकूर इंग्रजीत आहे का, इंग्रजी न येणाऱ्याला मजकूर समजावून सांगितल्याची नोंद कोणाच्या सहीने आहे, हे टिपून ठेवा. अर्जाची प्रत जोडलेली नसेल तर आजच लेखी मागा. त्याच पत्रात खातरजमेच्या फोनचं रेकॉर्डिंग, फायद्याच्या कोष्टकाची सहीची प्रत आणि पॉलिसी कोणत्या दिवशी कोणाला पोचवली याचा पुरावा मागा. रेकॉर्डिंग मागायला उशीर करू नका. तुम्ही तक्रारीच्या सुरुवातीलाच तारखेनिशी मागितलं होतं आणि त्यांनी दिलं नाही, एवढी नोंदही पुढे उपयोगी पडते.

पत्र कोणाला, याबद्दल. पॉलिसी कंपनीची, विक्री बँकेची. शाखेत गेलं की 'कंपनीला लिहा' म्हणतात आणि कंपनी म्हणते 'बँकेने विकली'. म्हणून एकच मजकूर दोघांना, एकाच दिवशी, दोन वेगळी पत्रं, आणि प्रत्येकाखाली 'प्रत: दुसऱ्यास'. पॉलिसीच्या पानांवर विक्रेत्याचं किंवा बँकेचं नाव आणि कोड छापलेला असतो, तो पत्रात घाला.

शाखेत पत्र हाताने देणार असाल तर दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर पोच: शिक्का, तारीख, सही आणि सही करणाऱ्याचं नाव. नुसती आडवीतिडवी सही चालणार नाही. ती कोणाची हे वर्षभराने कोणीच सांगत नाही. 'साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा' म्हणाले तर ठेवून येऊ नका. थांबा, किंवा सरळ टपाल कार्यालयात जा. १ सप्टेंबर २०२५ पासून जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा 'रजिस्टर एडी करून द्या' म्हटलं तर काउंटरवर गोंधळ होईल. स्पीड पोस्ट करताना नोंदणी आणि पोचल्याचा पुरावा या दोन्ही जादा सेवा मागून घ्या. पावतीवरची छपाई पुसट होत जाते, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोरा कागद उरतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. आणि पत्र पोचलं की वेबसाइटवरचं ट्रॅकिंगचं पान तारखेसकट छापून घ्या, ते कायम तिथे दिसत नाही.

ईमेल सगळे एकाच पत्त्यावरून जाऊ द्या. आज तुमच्या मेलवरून, उद्या भावाच्या, परवा सायबर कॅफेतून, असं केलं की साखळी तुटते. वडिलांच्या नावाचा पत्ता नसेल तर आजच काढा आणि पहिल्याच मेलमध्ये लिहा की यापुढचा पत्रव्यवहार याच पत्त्यावर करावा. विषयाच्या ओळीत पॉलिसी क्रमांक आणि तक्रार क्रमांक नेहमी सारखाच. उत्तर त्याच मेलखाली द्या, नवा मेल सुरू करू नका. आपोआप येणारी 'तक्रार मिळाली' ही पोच बरेच जण खोडून टाकतात. तक्रार क्रमांक आणि तारीख तिथेच असते. प्रत्येक मेल पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि वेळ दिसेल असा पीडीएफ करून ठेवा. त्यांनी कागद जोडून न पाठवता लिंक पाठवली असेल तर ती उघडून कागद लगेच उतरवून घ्या, लिंक मरतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं जरा सविस्तर सांगतो, कारण चुका इथे सगळ्यात जास्त होतात. तुम्ही त्या माणसाचा नंबर 'बँकवाले दादा' म्हणून सेव्ह केला असेल तर स्क्रीनशॉटवर 'बँकवाले दादा' एवढंच दिसणार, नंबर नाही. त्याच्या नावावर टिचकी मारून नंबर दिसतो त्या पानाचाही स्क्रीनशॉट घ्या. दुसरं म्हणजे ताज्या संदेशांवर 'आज' किंवा 'काल' असं येतं. त्या स्क्रीनशॉटवरून कुठला 'आज' ते पुढे कळत नाही. म्हणून स्क्रीनशॉटवर न थांबता चॅट एक्स्पोर्ट करा, फोटो-ऑडिओसकट. त्यात प्रत्येक ओळीला तारीख आणि वेळ असते. ती फाइल स्वतःला मेल करा. आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू आहेत का बघा आणि बंद करा. आणि 'आता काय उपयोग' म्हणून मधले संदेश खोडू नका, तुमचे स्वतःचे चुकीचे वाटणारेसुद्धा. अर्धवट संभाषण दिसलं की उरलेल्या अर्ध्यात काय होतं हाच प्रश्न पहिला येतो.

तुमच्याकडे फोनचं रेकॉर्डिंग असेल तर मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये झाली तिथेच राहू द्या. कापू नका, नाव बदलू नका. ऐकवायला म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत मूळ म्हणून देऊ नका. हे मी उगाच सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून लागला. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, याच्या व्हिडिओ चित्रीकरणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात २०२० साली न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर अशा नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचा नमुना आहे आणि त्यात फाइलची हॅश संख्याही द्यावी लागते. हॅश म्हणजे त्या फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम फौजदारी कोर्टाइतके कडक लावत नाहीत, पण समोरच्या वकिलाने आक्षेप घेतला तर हाताशी असलेलं बरं. वडिलांचा जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये देण्याचा विचार असेल तर तूर्त थांबा.

आता तारखा. इथे चुकलात तर चांगली फाइलही वाया जाते. कंपनीने लेखी तक्रार १४ दिवसांत निकाली काढायची असते. तिथे समाधान झालं नाही तर विमा नियामकाच्या (आयआरडीएच्या) 'बिमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा; १५५२५५ या क्रमांकावरूनही नोंदवता येते. लोकपालांकडे जायचं असेल तर आधी कंपनीला लेखी तक्रार केलेली हवी. कंपनीने नकार दिला, किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, की दार उघडतं, आणि तिथून एक वर्षाच्या आत जावं लागतं. तुम्हाला आलेलं ते दोन ओळींचं उत्तर नकारच आहे. त्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा. आपला नाशिक जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही, तक्रारदाराने स्वतःच बोलायचं असतं. तक्रार ऑनलाइन करता येते.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. 'आम्हाला कळलं तेव्हापासून' असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. पॉलिसी हातात आली त्या दिवसापासून मोजा आणि त्याच्या आत रहा. आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मात्र आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल, तिथे मनासारखं झालं नाही तर आयोग, असा क्रम मी सांगतो. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्ही तो मान्य केलाच पाहिजे असं नाही.

आणि हे नीट लक्षात घ्या: पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत वाढत नाही. हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. कंपनी दर महिन्याला 'तुमची तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे' असा गोड मेल टाकत राहते, माणूस वाट पाहतो आणि दोन वर्षं कधी उलटली ते कळत नाही. सातपूरच्या एका गृहस्थांनी माझ्याकडे आणलेली फाइल मी आजवर पाहिलेली सगळ्यात नीटनेटकी फाइल होती. ४७ पत्रं, प्रत्येकाची पोच, रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. मुदत संपून पाच महिने झाले होते. मला त्यांना ते सांगावं लागलं. त्यानंतर मी कोणाचीही फाइल हातात घेतली की आधी शेवटची तारीख मोजतो, मग पहिलं पान उलटतो.

पोर्टलवर तक्रार अचानक 'निकाली' दिसेल. घाबरू नका, पण त्या पानाची प्रत तारखेसकट काढा. मुदत मोजताना तीही तारीख विचारात घ्यावी लागते.

तक्रार गेल्यावर तीन गोष्टी घडतात, त्यांची तयारी ठेवा. शाखेतला माणूस घरी येईल, वडिलांशी गोड बोलेल, 'माझी नोकरी जाईल हो काका' म्हणेल आणि एका कागदावर सही मागेल. तो कागद तक्रार मागे घेतल्याचा असतो. वडिलांना सांगून ठेवा: मुलगी घरात नसताना कुठेही सही नाही, कोणालाही ओटीपी नाही. तो आला होता याची नोंद वहीत, आणि त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल. दुसरं, थोडी रक्कम देऊन 'सर्व दावे पूर्ण व अंतिम' असं लिहून घ्यायचा प्रयत्न होईल. तो मजकूर वाचल्याशिवाय, आणि त्याची प्रत हातात आल्याशिवाय सही करू नका. तिसरं सगळ्यात वाईट. 'आयआरडीएमधून बोलतोय, तुमचे पैसे मंजूर झालेत, आधी एवढी रक्कम भरा' असा फोन येईल. नियामक असे फोन करत नाही, पैसे मागत नाही, पॉलिसीही विकत नाही. नंबर टिपा आणि फोन ठेवा. पैसे गेलेच तर एक क्षणही न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

दुसऱ्या हप्त्याचं ऑटो डेबिट चालू आहे का, तेही बघा. ते थांबवायचं असेल तर बँकेला लेखी पत्र, पोच घेऊन. हप्ता भरायचा की थांबवायचा याचा निर्णय पॉलिसीच्या अटी वाचून करायचा. त्या पानांचे फोटो पाठवलेत तर मी बघून सांगेन.

फाइल लावताना सगळ्यात वर एक पानी घटनाक्रम: तारीख, घटना, पान क्रमांक. एका पानात बसवाच. लोकपालांच्या सुनावणीत वेळ थोडा असतो आणि समोरच्याला ते एक पान आधी दिसतं. त्याखाली जुनं खाली, नवं वर असं न करता जुन्यापासून नव्याकडे तारखेने. त्यांची पत्रं वेगळी आणि आपली वेगळी असं करू नका, प्रश्नाखाली उत्तर आलं की वाचणाऱ्याला गोष्ट कळते. प्रत्येक पानाला खाली क्रमांक. मूळ कागद वेगळ्या पाकिटात. फिरवायची ती झेरॉक्सची फाइल. मूळ पॉलिसी कोणी मागितली तर आधी सगळ्या पानांची रंगीत प्रत, मग पोच, मगच पॉलिसी. आणि एक संच दुसऱ्या घरी ठेवा. २०१९ च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा तिथल्या एका ओळखीच्या कुटुंबाचं दुकान सावरलं, पण कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या फायलींचा लगदा झाला. तुमचं घर उंचावर असेलही. तरी एक संच भावाकडे आणि स्कॅन केलेली प्रत मेलवर असू द्या.

राहिलं वडिलांचं निवेदन. हे या आठवड्यातच करून घ्या. त्या दिवशी शाखेत कोण होतं, कुठल्या टेबलावर बसवलं, एफडीचा विषय कोणी काढला, किती ठिकाणी सह्या घेतल्या, कागद वाचायला दिले का, चहा दिला का, किती वेळ लागला, सगळं त्यांच्याच शब्दांत. 'दिशाभूल', 'गैरविक्री' असले शब्द तुम्ही घालू नका. ते 'मला एफडी म्हणाला' असं बोलत असतील तर तसंच राहू द्या. आठवत नाही ते 'आठवत नाही' असंच लिहा. चेकवर विमा कंपनीचं नाव कोणी लिहिलं, हे आवर्जून विचारा, कारण 'नाव वाचून चेक दिलात ना' हा प्रश्न त्यांना नक्की विचारला जाणार आहे. त्यांना लिहिताना हात थरथरत असेल तर तुम्ही लिहून घ्या, त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि सहीच्या वर एक ओळ घाला: 'माझ्या सांगण्यावरून मुलीने लिहिले, मला वाचून दाखवले, बरोबर आहे.' खाली सही आणि त्या दिवसाची तारीख.